माळ घातली, ध्यानाला बसलात… पुढे घरात काय झालं?

परवा सोसायटीत हळदीकुंकवाला एकीने विचारलं, "इतकी वर्षं पोथी वाचतेस, तुझ्यात काय बदललं गं?" मी चटकन तिळगुळाची वाटी पुढे केली. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "आधी वाचताना मध्येच फोन उचलायचीस. आता उचलत नाहीस." एवढंच!

म्हणून हा धागा. सुगंध आला, प्रकाश दिसला असलं नको, ते वाचून माझ्यासारखीला न्यूनगंड येतो. साधना कुठलीही असो, तुमच्या वागण्यात काय हललं आणि घरच्यांनी ते कसं घेतलं, ते लिहा. फसलेलंही चालेल.

सव्वाआठची फास्ट

२०१८ साली इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर केलं. पहाटे ४ ची घंटा, ११ च्या जेवणानंतर थेट ५ वाजता कुरमुरे आणि चहा, ९ दिवस मौन. मौनाचं काही वाटलं नाही, धास्ती होती गुडघ्याची. अधिष्ठानाच्या बैठकीत तासभर हलायचं नाही. सहाव्या दिवशी डाव्या गुडघ्यात कुणी सुरी फिरवतंय असं वाटत होतं, आणि मी मनातल्या मनात धाकट्या भावाशी खोलीच्या वाटणीवरून भांडत होतो. केव्हातरी लक्षात आलं, गुडघा कधीच थांबलाय, भांडण चालूच आहे.

येताना जीपने कसारा, तिथून लोकल. कल्याणला गर्दी शिरली, एकाने पायावर पाय दिला आणि दहा दिवसांची समता तिथेच उतरून गेली. असो. पण त्या रविवारी भावाला फोन केला. वाटणी अजून झालेली नाही, बोलणं होतं.

आता अधूनमधून गोराईच्या होडीने पॅगोडात जातो. दहा दिवस केलेल्यांसाठी तिथे एक दिवसाचं शिबिर असतं. खांब नसलेल्या त्या घुमटाखाली बसलं की बरं वाटतं. बायकोचं मत वेगळं आहे: "पूर्वी भांडायचात तरी. आता मध्येच डोळे मिटून गप्प होता, त्याने माझं डोकं जास्त फिरतं."

गिरगावची

माझा राग गेला तो ध्यानाने नाही, रक्तदाबाच्या गोळीने. धाग्यात बसत असेल तर ठेवा.

*(ठेवलं. – धागाकर्ती)*

लालबागचा माळकरी

वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, त्याच वर्षी त्यांनी माळ घातली. ते गेल्यावर कार्तिकीला आळंदीला जाऊन मीही घातली. आता आम्ही पडलो मालवणी. रविवारी सुरमई नाही म्हणजे घरात सुतक! माळ घालायला पाच मिनिटं लागली, अडचण घरी आल्यावर सुरू झाली. बायको नोकरी करते. तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "माळ तुमच्या गळ्यात, फास माझ्या तव्याला. दोन-दोन स्वयंपाक मला जमणार नाहीत."

आईला कसे जमायचे, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. लहानपणी वडिलांचं ताट वेगळं यायचं, ते कोण आणि कधी करतं हे आम्ही भावांनी कधी बघितलंच नव्हतं.

मग पंचेचाळिसाव्या वर्षी भाकरी थापायला शिकलो. तांदळाच्या पिठाला पाणी कडकडीत लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या चार काठाला फाटल्या. मुलगी नकाशे म्हणून ओळखायला बसली: ही श्रीलंका, ही ऑस्ट्रेलिया. आता तवा वेगळा, माझा मीच घासतो. आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलाच्या रांगेत उभा राहतो, एकादशी चुकवत नाही. बायको बांगडे तळते तेव्हा खिडकी उघडतो. खरं सांगू? वास अजून आवडतो.

मुलुंडची आजी

माझं उलटं आहे. मी काही धरलं नाही, सोडलं.

सून घरात आली त्या वर्षी गौरींसाठी तिने गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलली. पुढे दोन महिने तिला त्रास झाला. मला कळलं तोवर दिवाळी आली होती. दुसऱ्या वर्षी मीच म्हटलं, गोळी घ्यायची नाही, आली तर आली.

आणि आली. नेमकी गौरी पूजनाच्या दिवशी. पुरणाच्या पातेल्याला तिचा हात लागला आणि माझ्या पोटात गोळाच आला. पन्नास वर्षांची सवय हो! काही न बोलता देवघरात जाऊन उभी राहिले. मुखवटे सकाळी बसवले तसेच होते, नथ जराशी वाकडी. ती सरळ केली. परत येऊन सुनेला म्हटलं, "पुरण गरम आहे तोवर यंत्रातून काढ, मग निघत नाही." तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर खोचला.

जाऊबाईंनी त्या दिवशी आमच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही. यंदा मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन बोलावणं करून आले आहे. अजून हो म्हणाल्या नाहीत.