झीझी या घरातल्या शोभेच्या रोपाचे दांडे बुडातून पिवळे आणि मऊ: उजेड कमी की पाणी जास्त?

कुंडीवेडी: फ्लॅट मुंबईत, तिसरा मजला. हॉलला उत्तरेची एकच खिडकी, समोर इमारत. खिडकीपासून ८ फुटांवर झीझी ठेवलाय. जूनमध्ये नर्सरीतून आणला आणि मातीच्या गोळ्यासकट १० इंची कुंडीत बसवला. तळाला भोक आहे, खाली खडीचा थर आहे. दर रविवारी अर्धा लिटर पाणी. ऑगस्टपासून तीन दांडे बुडाशी पिवळे आणि मऊ पडलेत, जरा ओढले की हातात येतात. तो वाचेल का? शिवाय त्या कोपऱ्यात १०-१५ वर्षं टिकेल असं दुसरं काय लावता येईल?

मातीचाहात: बुडाशी मऊ म्हणजे कुजणंच. उजेड कमी पडला की झीझी असा मरत नाही. नवे दांडे लांबुडके येतात, पानं विरळ होतात आणि झाड खिडकीकडे कलतं. तुमच्याकडे गोम अशी की उजेड कमी म्हणून झाड पाणी कमी पितं, पावसाळी हवेत माती सुकत नाही, आणि रविवार मात्र ठरल्या दिवशी येतो.

आजच कुंडीतून काढा. नर्सरीची ती चिकट लाल माती बोटांनी, गरज पडली तर पाण्यात बुडवून, पूर्ण सोडवा. खाली बटाट्यासारखे कंद दिसतील. दाबून बघा: टणक ठेवा, मऊ, वास मारणारे पांढरा भाग लागेपर्यंत कापून टाका. सुरी स्पिरिटने पुसून घ्या. हातमोजे घाला, रसात कॅल्शियम ऑक्झलेट असतं, कातडी चुरचुरते. कंद सावलीत २ दिवस सुकवा. मग २ भाग माती, २ भाग परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू, १ भाग गांडूळखत असं कोरडं मिश्रण घ्या. कुंडी कंदांच्या घेरापेक्षा इंच-दीड इंचच मोठी हवी. पहिलं पाणी ८-१० दिवसांनी.

आणि ती खडी काढा. खडीने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, थराच्या वरच अडकून राहतं. म्हणजे ओली पट्टी मुळांच्या आणखी जवळ येते.

उत्तरखिडकी: पाण्याचं पटलं, पण ८ फूट मलाही खटकतंय. डोळा अंधाराला सरावतो, म्हणून कोपरा उजळ भासतो. मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजणारं ॲप घ्या, सेन्सर खिडकीकडे करून पानाच्या उंचीवर दुपारी १२ ला मोजा. आकडा अंदाजेच येतो, पण चालतो. १०० च्या खाली असेल तर झाड साठवलेल्यावर जगतंय. वर्षभर टिकेलही, वाढणार नाही. ३००-५०० असेल तर ठीक. कमी भरलं तर २० वॅटची साधी पांढरी एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारखी पट्टी) पानांपासून दीड-दोन फुटांवर, टायमर लावून रोज १०-१२ तास. जांभळ्या ग्रो लाइटची गरज नाही, हॉल उगाच डिस्कोसारखा दिसतो.

कुंडीवेडी: मोजलं, ९० आलं. बॅटन लावते. मग पाणी किती दिवसांनी घालू?

मातीचाहात: दिवस मोजू नका. आइसक्रीमची लाकडी काडी तळापर्यंत खुपसा, ५ मिनिटांनी काढा. ओली डागाळली तर थांबा. पावसाळ्यात झीझीला महिनाभर पाणी दिलं नाही तरी चालतं.

जुनंझाड: त्या कोपऱ्यात दुसरं काय लावायचं, तर टिकण्यात ॲस्पिडिस्ट्रा या सावलीतल्या झाडाचा हात कोणी धरणार नाही. मूळचं जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरच्या जंगलातलं, तिथे दाट सावलीतच वाढतं. इंग्लंडमध्ये १९व्या शतकात गॅसच्या दिव्यांच्या कोंदट दिवाणखान्यांतही तगलं, 'कास्ट आयर्न प्लांट' हे नाव त्यातूनच. वर्षाला चार-पाच पानं आली तरी खूप, म्हणून नर्सरीवाले ठेवत नाहीत आणि ठेवलं तर महाग देतात. थेट ऊन नको, पानं भाजतात. दर वर्षी कुंडी बदलू नका, ४-५ वर्षांनी पुरे.

स्नेक प्लांटही चालेल, पण पिवळ्या काठाचं हवं असेल तर पानाचा तुकडा लावू नका. तुकड्यातून येणारं रोप साधं हिरवं निघतं, कारण पिवळा थर फक्त काठाच्या पेशींत असतो आणि नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून फुटतो. गड्डा विभागून लावा.

पानांना दूध, तेल किंवा चकाकीचा स्प्रे नको. महिन्यातून एकदा ओलं फडकं, पानाच्या खालच्या बाजूनेही. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपा आणि आठवड्याने पुन्हा बघा.