हिरव्या लेझर मॉड्यूलमधला केटीपी क्रिस्टल डागाळलाय, वाचवता येईल का?

मंडळी, ज्यांनी डीपीएसएस (डायोडच्या उजेडावर चालणारा क्रिस्टलचा) लेझर कधी उघडलाय त्यांनी जरा मदत करा. ५३२ नॅनोमीटरचं हिरवं मॉड्यूल आहे, आत नेहमीचाच संसार, ८०८ नॅनोमीटरचा पंप डायोड (क्रिस्टलला ऊर्जा पुरवणारा), पुढे व्हॅनाडेट क्रिस्टल जो १०६४चं इन्फ्रारेड काढतो आणि त्यापुढे केटीपी जो त्याचं हिरवं करतो. पॉवर हळूहळू उतरत गेली आणि आता तर ठिपका गोल न राहता मधोमध फाटल्यासारखा पडतो. डायोडचा करंट ठीक आहे, व्हॅनाडेटही स्वच्छ दिसतो.

केटीपी मात्र भिंगाखाली धरून तिरप्या उजेडात बघितला तर बाहेरच्या फेसवर, बरोबर बीम निघतो तिथेच, टाचणीच्या टोकाहून बारीक दुधी डाग आहे आणि त्याच्या कडेला कोटिंगचा रंग उडालाय. लेन्स टिश्यूला अ‍ॅसिटोन लावून पुसलं, ढिम्म हलत नाही, म्हणजे धूळ नाही. (दोन्ही क्रिस्टल वेगवेगळ्या माउंटवर आहेत म्हणून अ‍ॅसिटोन वापरलं, एकमेकांना चिकटवलेले असते तर नसतं लावलं, सिमेंट सुटायची भीती.) सिरियम ऑक्साइडने (काच घासायची बारीक पूड) पॉलिश करून डाग काढावा का? की नवाच घ्यावा?

प्रतिसाद: पॉलिश अजिबात नको! डागाबरोबर कोटिंगही जाईल. छोट्या मॉड्यूलमध्ये बऱ्याचदा केटीपीच्या बाहेरच्या फेसवरचं कोटिंग हाच १०६४चा आरसा असतो, तो गेला की कॅव्हिटीच (आरशांमधली जागा, जिथे उजेड पुढेमागे फिरून वाढतो) मोडली, मग लेझिंग कसलं होणार. पुढे वेगळा आरसा आहे का ते आधी बघा. क्रिस्टल आतून करडा पडला असता, म्हणजे ग्रे ट्रॅकिंग, तर तापवून थोडाफार सुधारला असता, पण जळलेलं कोटिंग तापवून परत येत नाही. त्यापेक्षा क्रिस्टल फेसच्या समांतर थोडा बाजूला सरकवा, बीम चांगल्या जागेतून गेला पाहिजे. फक्त सरकवताना तिरका किंवा गोल फिरवू नका, फेज मॅचिंग (१०६४चं हिरवं व्हायला क्रिस्टलचा लागणारा नेमका कोन) बिघडलं की हिरवं गायब. आणि गॉगल ८०८ आणि १०६४ला पण चालणारा हवा, नुसता हिरव्याचा नको, झाकण काढल्यावर न दिसणारा उजेडच जास्त असतो.

प्रश्नकर्ता: धन्यवाद! पुढे आरसा वेगळा नाही, म्हणजे पॉलिश रद्दच. पण केटीपी माउंटवर इपॉक्सीने पक्का बसवलाय, तो न तडकवता सोडवायचा कसा? की अख्खा माउंटच सरकवू?