गिटार थिअरीचा ऑनलाइन कोर्स पैसे भरून घेण्यासारखा असतो का?

शिरोली_सहातारा:

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत कामाला आहे, शिफ्ट ड्युटी, त्यामुळं ठरलेल्या वेळेचा क्लास काय जमत नाही. गिटार कॉलेजपासून वाजवतोय, ओपन कॉर्ड, बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचे ते), स्ट्रमिंग, थोडंफार फिंगरस्टाइल हाताला बसलंय पण थिअरीच्या नावानं पाटी कोरी. कॉर्डच्या साइटवर गाणं काढायचं, बघून वाजवायचं, एवढंच. एकटा वाजवताना काही अडत नव्हतं. आता मित्रांच्या घरगुती मैफलीत आणि गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला साथीला बसायला लागलोय आणि तिथं पंचाईत होते. गाणारी म्हणते काळी दोन (म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा), पेटीवाला लगेच सूर धरतो, तबलजी हातोडी काढून तबला मिळवायला लागतो आणि मी आपला मोबाइलवर ट्रान्सपोजचं, म्हणजे कॉर्ड दुसऱ्या पट्टीत बदलायचं, बटण दाबत बसतो. हे मला लय मनाला लागतंय, कारण साथ करायची तर समोरच्याचं ऐकून वाजवता आलं पाहिजे.

एक ऑनलाइन कोर्स बघून ठेवलाय, ६,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ७,६७० ला पडतो. ४० व्हिडिओ, पीडीएफ नोट्स, लाइफटाइम अ‍ॅक्सेस, शेवटी सर्टिफिकेट. स्केल, इंटरव्हल, सर्कल ऑफ फिफ्थ्स, केज्ड सिस्टीम, मोड्स सगळं आहे म्हणतात. यूट्यूबवर हे फुकट मिळतं हे माहिती आहे, पण तिथं आज एक व्हिडिओ, उद्या भलताच, सलग काही होत नाही. कुणी असा कोर्स केला असेल तर खरं काय ते सांगा, घेऊ का नको?

---

राजारामपुरी_फ्रेट:

मी स्वतः क्लास घेतो, तेव्हा माझं मत त्या हिशोबानं वाचा.

त्या ४० व्हिडिओंपैकी तुमची आत्ताची अडचण सोडवणारे पाच-सहाच असणार. मोड्स, सर्कल ऑफ फिफ्थ्स हे पुढचं. तुम्हाला पाहिजे मेजर स्केल आणि त्यातून निघणारे कॉर्ड, आणि ते नावानं नाही, नंबरानं. जी घ्या. जी, ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प हे सात सूर. पहिल्या, चौथ्या, पाचव्यावर मेजर कॉर्ड येतो, दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्यावर मायनर, सातव्यावर डिमिनिश्ड. जी-डी-ई मायनर-सी हे तुम्ही हजारदा वाजवलं असेल, ते १-५-६-४ आहे. हेच ए मध्ये पाहिजे तर ए-ई-एफ शार्प मायनर-डी. एवढं डोक्यात बसलं की ट्रान्सपोजचं बटण लागत नाही.

आता हे गिटारवर बघा, कारण खरी गंमत तिथं आहे. सहाव्या तारेवर, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर, तिसऱ्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे दांडीवरचं घर) जी. त्याच फ्रेटला शेजारच्या पाचव्या तारेवर सी, हा झाला चौथा. त्याच तारेवर दोन फ्रेट पुढं डी, हा पाचवा. आणि मूळ जी पासून तीन फ्रेट मागं, मोकळी तार, ई, हा सहावा मायनर. हा नकाशा बोटांना बसला की अख्खाच्या अख्खा पुढंमागं सरकवायचा. चौथ्या फ्रेटवरनं सुरू केलं तर जी शार्प, सी शार्प, डी शार्प, एफ मायनर. बार कॉर्ड तुम्हाला येतातच, म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे.

पैसे कशाचे द्यायचे तर तपासणीचे. तुम्ही वाजवलेलं कुणी ऐकणार आहे का, चुकलं तर सांगणार आहे का, हे कोर्सवाल्यांना मेल करून विचारा. नुसते व्हिडिओ असतील तर माझ्या मते एवढे पैसे घालू नका. सलग शिकायचं असेल तर म्युझिकथिअरी डॉट नेट वर धडे क्रमानं लावलेले आहेत, फुकट, खाली सरावही आहे. जस्टिनगिटारवरही पुष्कळ फुकट आहे.

---

कळंबा_अकूस्टिक:

मी गेल्या वर्षी असाच एक पेड कोर्स केलाय, नाव सांगत नाही कारण जाहिरात केल्यासारखं होतं. माझं मत फ्रेट सरांशी जुळतं पण पूर्ण नाही. मला पैसे भरल्याचा फायदा झाला.

त्यातला एक आठवडा सांगते. होमवर्क होतं जी वरून ई मायनरवर यायचं, मधे डी. मी वाजवून रेकॉर्डिंग पाठवलं, कॉर्ड बरोबर होते, तालही बरोबर. सरांचं उत्तर आलं की डी वाजवताना खाली एफ शार्प ठेव, सहाव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अंगठ्यानं दाबलास तरी चालेल, म्हणजे बेस जी, एफ शार्प, ई असा पायरी पायरीनं उतरेल. करून बघितलं तर तेच तीन कॉर्ड एकदम गाण्यासारखे वाजले. डी च्या कॉर्डमध्ये डी, एफ शार्प आणि ए असतात हे मला पाठ होतं, पण त्यातला मधला सूर खाली आणला की काय होतं हे कुणी माझं वाजवणं ऐकून सांगितल्याशिवाय मला कधी सुचलं नसतं. व्हिडिओ कितीही चांगला असू दे, तो आपलं ऐकत नाही.

दुसरा फायदा म्हणजे इअर ट्रेनिंग. दोन सूर वाजवायचे आणि अंतर ओळखायचं, रोज थोडं थोडं. हे कंटाळवाणं आहे, फुकटच्या अ‍ॅपवर मी नक्की सोडून दिलं असतं, पण रविवारी लाइव्ह क्लासमध्ये सगळ्यांसमोर विचारायचे म्हणून झालं.

न आवडलेली गोष्ट पण सांगते, अर्ध्याच्या वर उदाहरणं ट्वेल्व्ह बार ब्लूज आणि रॉकची. ते वाईट नाही, मला ब्लूज आता आवडायला पण लागलंय, पण आपली भावगीतं, अभंग, हिंदी गाणी साथीला घ्यायची तर ते आपलं आपणच जोडावं लागतं. डेमो लेसन असेल तर तो बघताना उदाहरणं कुठली घेतलीत ते बघा.

---

मंगळवारपेठ_पेटी:

भावा, मी पेटीवाला आहे, गिटारचं मला जास्त कळत न्हाई, पण साथीचं कळतं, म्हणून लिहितोय.

काळी-पांढरीचं गणित एकदा लिहून खिशात ठेव. पांढरी एक म्हणजे तुमचा सी, तिथनं पांढऱ्या क्रमानं डी, ई, एफ, जी, ए, बी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. आमच्याकडं गिटारवाला पोरगा येतो तो कॅपो (दांडीवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावतो आणि दोन मिनिटांत तयार असतो. काळी दोन म्हटलं की सी चे शेप आणि कॅपो तिसऱ्या फ्रेटवर. काळी एक असंल तर तेच शेप, कॅपो पहिल्यावर. पांढरी चार म्हटलं की डी चे शेप, कॅपो तिसऱ्यावर. बायका बऱ्याचदा काळी चार, काळी पाच घेतात, तिथं जी चे शेप आणि कॅपो पहिल्यावर न्हाईतर तिसऱ्यावर. एवढ्यात निम्म्याच्या वर कार्यक्रम निघतात बघ, आणि याला कोर्स लागत न्हाई.

आता थिअरीचं म्हणशील तर आपल्याकडं पण थिअरी हाय की. थाट म्हणजे सात सुरांचा साचा. तुमचं मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल थाट. नॅचरल मायनर म्हणजे आसावरी. खमाजात नुसता निषाद कोमल, काफीत गंधार-निषाद कोमल, ज्याला तुम्ही डोरियन का काय म्हणता ते. भूप तर मेजर पेंटाटोनिकच. मी त्या पोराला भैरवी समजावली ती अशी, ई ला सा धर आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजव, भैरवीचा थाट तयार. मग त्यानंच शोधून काढलं की ई मायनर आणि एफ मेजर आलटून पालटून धरले की भैरवीचा रंग येतो. असं जोडून शिकलं तर डोक्यात राहतं. फक्त एक ध्यानात ठेव, थाट म्हणजे राग न्हवं. रागाची चलन, कुठं थांबायचं, कुठला सूर किती लावायचा हे वेगळं, आणि दर सुराखाली कॉर्ड कोंबला तर गाणाऱ्याला त्रास होतो. काही जागी नुसता सा-प धरून बसणं हीच चांगली साथ.

आपलं कोल्हापूर हे गवई अल्लादियाखाँसाहेबांचं गाव आहे, देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ पासनं उभी आहे. गाण्याच्या मैफलीला जाऊन बस, गाणारा पट्टी कशी सांगतो, तानपुरे कसे मिळवतात ते बघ. त्यानं जे कान तयार होतात ते वेगळेच.

---

शाहूपुरी_बेस:

थोडक्यात पैशाचं बोलतो. "ऑफर आज रात्रीपर्यंत" असा घड्याळाचा काटा फिरत असेल तर दोन दिवसांनी परत तेच पान उघडून बघा, बहुतेक ठिकाणी ऑफर चालूच असते. घाईत भरू नका. महिन्याच्या हप्त्यावर असेल तर यूपीआयचा ऑटोपे कुठून बंद करायचा ते आधी बघून ठेवा. रिफंड किती दिवसांत आणि किती व्हिडिओ बघितल्यावर मिळत नाही, हे अटींमध्ये बारीक अक्षरात असतं, ते वाचा. डॉलरमध्ये किंमत असेल तर बँक वरून मार्कअप लावते, तो धरून हिशोब करा. आणि लाइफटाइम अ‍ॅक्सेस म्हणजे त्यांची वेबसाइट चालू असेपर्यंतच, नोट्स डाउनलोड होतात का ते विचारा.

सर्टिफिकेटसाठी घेत असाल तर मात्र अजिबात घेऊ नका, त्याचा कुठं काही उपयोग नाही. कागदच पाहिजे तर ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा द्या.

---

राजारामपुरी_फ्रेट:

परीक्षेचं निघालंय म्हणून सांगतो. ट्रिनिटीत प्रॅक्टिकलला बसायला थिअरीची वेगळी परीक्षा पास असावी लागत नाही. एबीआरएसएम या दुसऱ्या परीक्षा मंडळात सहाव्या ग्रेडपासून पुढं जायचं तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा त्याच्या जोडीची परीक्षा लागते, आणि तिथं गिटार म्हणजे क्लासिकल गिटार, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, वाचता आलंच पाहिजे. त्या वाटेनं जाणार असाल तर पैसे भरून शिकणं मला पटतं, कारण पेपर तपासून देणारा माणूस लागतोच. साथीला बसायचं असेल तर ती वाट सध्या तुमची नाही.

पेटीवाल्या दादांनी सांगितलेलं कॅपोचं एकदम बरोबर, मी फक्त एवढंच म्हणेन की कॅपो लावला तरी खरा सूर कुठला वाजतोय ते तोंडानं म्हणत जा, नाहीतर बेसवाल्याला तुम्ही "सी" म्हणणार आणि तो बिचारा खरंच सी वाजवणार.

---

शिरोली_सहातारा:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कोर्सवाल्यांना मेल केला होता, उत्तर आलं की रेकॉर्डिंग तपासत नाहीत, शंका असतील तर ग्रुपवर टाका, तिथं बाकीचे विद्यार्थी उत्तर देतात. त्यामुळं हा कोर्स घेत नाही. तो नंबरांचा नकाशा रात्रपाळीवरून आल्यावर बसवायला घेतलाय, जी, ए आणि बी वर जमला. कळंबा ताई, तुमच्या कोर्समध्ये नवीन बॅच कधी सुरू होते ते कृपया मेसेजवर कळवा, होमवर्क तपासणारा कोर्स असेल तर त्याला ७,००० द्यायला माझी तयारी आहे. फ्रेट सर, महिन्यातून दोनदा सुट्टीच्या दिवशी तासभर, असं तुमच्याकडं चालतं का?

आणि एक शंका. काही गाण्यांत शेवटचं कडवं अर्धा सूर वर चढवतात. तेव्हा कॅपो काढून लावायला वेळच नसतो, मग काय करायचं?

---

कळंबा_अकूस्टिक:

मेसेज केलाय, बघा.

---

राजारामपुरी_फ्रेट:

चालतं, शिफ्टचं वेळापत्रक पाठवा, त्याप्रमाणं बघू.

चढवायच्या गाण्याला कॅपो न लावता आधीपासूनच बार कॉर्डवर बसा, मग सगळं एक फ्रेट पुढं सरकतं. पण नुसतं सरकवलं तर गाणाऱ्याला नवा सा पकडायला जड जातं. त्याआधी एक मात्रा-दोन मात्रा नव्या सा च्या पाचव्याचा सेव्हन्थ कॉर्ड द्या. जी वरून जी शार्पला जायचं तर आधी डी शार्प सेव्हन, पाचव्या तारेवर सहाव्या फ्रेटला बार, आणि मग जी शार्पवर उतरा. तबल्यावर तिहाई असेल तर ती संपता संपता तो कॉर्ड द्यायचा, सम येईल तिथं नवा सा. घरी मेट्रोनोम ६० वर ठेवून जी ते जी शार्प, जी शार्प ते ए असं एकेक घर चढत सातव्या फ्रेटपर्यंत जाऊन बघा, आणि रेकॉर्डिंग मला पाठवा.