मदत हवी आहे : येऊरच्या पाड्यांवर मोफत चष्मे देण्याविषयी

नमस्कार. ठाण्यात नौपाड्याला आमचे चष्म्यांचे दुकान आहे आणि येऊरच्या पाड्यांवरील चाळिशी ओलांडलेल्या लोकांना दुकानाच्या खर्चाने चष्मे द्यावेत, असे आम्ही ठरवले आहे. वयानुसार डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे दिसेनासे होते. एवढ्या साध्या कारणाने कोणाचे तांदूळ निवडणे किंवा सुईत दोरा ओवणे थांबावे, याचे मला फार वाईट वाटते. आसामच्या चहामळ्यांतील मजुरांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी न मिळालेल्यांपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक वाढली होती, म्हणजे हा प्रश्न थेट मजुरीचाही आहे.

माझी अडचण अशी आहे की, +१ ते +३ नंबरचे तयार चष्मे नेणे सोपे असले, तरी दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असल्यास किंवा सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याचा बाक सगळीकडे सारखा नसल्याने लागणारा) असल्यास ते पुरेसे पडत नाहीत. शिवाय मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेला माणूस हाती चष्मा आला म्हणून तपासणीच टाळेल, ही भीती मला अधिक वाटते. त्यामुळे तपासणीशिवाय वाटप करायचे नाही, यावर मी ठाम आहे.

पाड्यावर एक दिवस येऊ शकतील असे नेत्रतज्ज्ञ किंवा ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारे) कोणाच्या परिचयाचे आहेत का? पाड्यांवर आधी काम केलेल्यांनी कोणती वेळ सोयीची, हेही कृपया सांगावे. मोतीबिंदू आढळलेल्यांना रुग्णालयापर्यंत सोबत नेणारे कोणी मिळेल का?