मदत हवी आहे: पानाफांद्यांची सजावट बुरशी आणि किडीपासून कशी वाचवायची?

नमस्कार. माझी आई गेले आठ महिने अंथरुणाला खिळून आहे. बाहेर कोणता ऋतू चाललाय ते तिला खिडकीतल्या उजेडावरून कळेल तेवढंच. म्हणून ठरवलं, की बाहेर जे गळतंय, वाळतंय, फुलतंय त्यातलं थोडं थोडं तिच्या खोलीत आणायचं. झाडाखाली पडलेलं वेचायचं. सुई-दोरा घरात आहेच. औषधपाण्यातून वेगळे पैसे काढणं सध्या जमणार नाही, त्यामुळे विकतचं सामान सुचवलंत तर ते अगदी किरकोळ असावं ही विनंती.

पहिला प्रयत्न फसला. पानगळीतली लाल-पिवळी पानं दोऱ्यात ओवून पलंगासमोर माळ लावली. चार दिवसांत पानांच्या सुरळ्या झाल्या आणि जिथे पानं एकमेकांना चिकटली होती तिथे पांढुरकी बुरशी आली. दुसरं, एक ओली वेल गोल गुंडाळून कडं केलं, त्यात वाळक्या काटक्या आणि शेंगा खोचल्या. ते छान दिसत होतं. पण महिन्याभरात कडं सैल पडलं, आणि एका सकाळी आईच्या उशीवर पिठासारखा बारीक भुगा दिसला. काटक्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. मी घाबरून सगळंच फेकून दिलं. दोन दिवसांनी आई म्हणाली, "ती पानं कुठं गेली गं?" तेव्हापासून मनाला चैन नाही.

पानं सपाट आणि रंगीत कशी ठेवायची आणि काटक्यांमधली कीड कशी मारायची, एवढं कृपया सांगा. आईला दमा आहे, त्यामुळे वॉर्निश किंवा वासाचा फवारा नको. घरात तीन वर्षांची भाची आहे, ती हाताला लागेल ते तोंडात घालते.

प्रतिसाद १

पानाच्या दोन्ही बाजू सारख्या आकसत नाहीत, म्हणून सुरळी होते. वजनाखाली वाळवलीत तर पानाला वळायला वावच राहत नाही. वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये पानं एकमेकांना न लागतील अशी मांडा आणि वर जड पुस्तकांची चळत ठेवा. लोक चुकतात ते यापुढे: पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदलायलाच हवा. पानातलं पाणी कागद शोषतो, आणि तोच ओला कागद तसाच राहिला तर बुरशी धरते, रंगही काळवंडतो. साधारण दोन आठवड्यांनी पान कागदासारखं कुरकुरीत लागलं की झालं. पावसाचं किंवा दवाचं भिजलेलं पान वेचलंत तर आधी पुसून घ्या.

रंगाचं म्हणाल, तर हिरवा लवकर जातो, पिवळा आणि तपकिरी जास्त टिकतात. उन्हाच्या तिरिपेत कुठलाच टिकत नाही, म्हणून खिडकीसमोरची भिंत सोडून दुसरी निवडा.

पानं लवचिक हवी असतील तर ग्लिसरीन वापरा. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी. डहाळीचं टोक ठेचून त्यात उभं ठेवायचं. एक ते तीन आठवड्यांत पानांचा रंग पालटून तपकिरीकडे झुकतो आणि स्पर्श चामड्यासारखा मऊ होतो. डहाळी मात्र ताजी आणि पानं जून झालेली हवीत. गळलेलं पान पाणी ओढत नाही, त्यामुळे त्यावर हा उपाय वाया जातो.

प्रतिसाद २

भुगा म्हणजे लाकूड पोखरणारे किडे. त्यांच्या अळ्या काटकीच्या आत असतात, वरून पुसून काही होत नाही. काटक्या आणि शेंगा आधी नीट वाळवा, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतला माल खोलीइतका गरम होऊ द्या, नाहीतर थंड काटक्यांवर दव धरतं आणि परत बुरशीला आमंत्रण.

कडं सैल पडलं कारण ओली वेल वाळताना आकसते. ओली असताना वळवा हे बरोबर, पण पक्की गाठ दोन-तीन आठवड्यांनी, पूर्ण वाळल्यावर मारा. तोवर नुसतं तात्पुरतं बांधून ठेवा. चिकटवायला पिठाची खळ वापरत असाल तर ती सोडा, कसर आणि झुरळं त्यावरच येतात. दोऱ्याने बांधलेलं सगळ्यात चांगलं. नंतर सोडवून बदलताही येतं.

प्रतिसाद ३

दम्याच्या माणसाच्या खोलीत तुरेवाली गवतं अजिबात नकोत. दिसतात सुंदर, पण वाळली की त्यांचा कापूस उडत राहतो. गुळगुळीत, टणक गोष्टी निवडा: शेंगा, बोंडं, साली. दर आठवड्याला मऊ ब्रशने धूळ झटकायची तर ती खोलीबाहेर नेऊन.

भाचीसाठी कळकळीने सांगते: लाल-काळ्या गुंजा आणि कण्हेरीचं पान, फूल, फांदी, काहीही घरात आणू नका. दोन्ही अत्यंत विषारी आहेत. ज्या झाडाचं नाव माहीत नाही त्याच्या बिया खालीच राहू द्या.

मूळ प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काटक्या काल फ्रीजरमध्ये गेल्या, पानं वर्तमानपत्रात आहेत आणि कागद बदलायची आठवण आईच करून देते. आज तिच्या शेजारी आडवी पडून पाहिलं तेव्हा कळलं, की भिंतीवरचं तिला मान वळवल्याशिवाय दिसतच नाही. तिला सतत दिसतं ते छत. म्हणून आता छताला टांगायचंय, आडव्या काटकीला पानं आणि शेंगा लोंबतील असं. पण माझी काटकी एका बाजूला कलते. तोल कसा साधायचा?

प्रतिसाद २

खालून वर बांधत या. आधी पानं-शेंगा काटकीला बांधा, मग ती काटकी बोटावर आडवी तोला. जिथे स्थिर राहते तिथे चाकूने बारीक खाच पाडा आणि टांगायचा दोरा त्या खाचेत बांधा म्हणजे सरकणार नाही. जड शेंग खाचेच्या जवळ, हलकं पान टोकाला. उशीच्या थेट वर नको, पायांच्या बाजूला टांगा. तिथून ते तिला मान न वळवता दिसेल आणि काही निसटलं तर तोंडावर पडणार नाही. पानांची चांगली बाजू खाली करून बांधा, कारण आई ती खालूनच बघणार आहेत.