मदत हवी आहे: जुन्या फ्लॅटमध्ये एसी लावायचाय, लोडचा हिशोब कोणी बघेल का?

नमस्कार मंडळी, सांगलीला आईबाबांच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवायचाय. बिल्डिंग जुनी, सिंगल फेज, डीबीत (घरातल्या वायरिंगचा मुख्य बोर्ड) मेन स्विच ३२ अँपिअरचा आणि बिलावर मंजूर भार २ किलोवॅट.

मी सगळ्या वस्तूंचे वॅट लिहून काढले: गिझर २०००, मायक्रोवेव्ह १२००, इस्त्री १०००, मिक्सर ७५०, वॉशिंग मशीन ५००, फ्रिज २००, पाच पंखे ३७५, दिवे आणि टीव्ही मिळून २००. एकूण ६२२५. त्यात एसीचे १७०० धरले की ७९२५, भागिले २३० म्हणजे साडेचौतीस अँपिअर. मेनच्या वर जातंय! पण हे सगळं एकदम कधीच चालत नाही ना, सकाळी फार तर गिझर, इस्त्री, मिक्सर, फ्रिज आणि थोडे पंखे-दिवे, ते सव्वाचार हजार, वर एसी धरला तरी २६ अँपिअर. मग हिशोब नक्की कुठला धरायचा?

दुसरं, वायरमन म्हणतो गिझरच्याच लाइनवरून एसीला पॉइंट काढून देतो, भिंत फोडायला नको. तिथे १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे, वायर अडीच स्क्वेअर एमएमची, आणि गिझरच्या स्विचची प्लेट एका कोपऱ्यात पिवळी पडलीय. मला हे पटत नाहीये. आईबाबा दोघंच असतात घरी, म्हणून जास्त काळजी वाटते. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, मेनसाठी २६ चाच हिशोब धरा, ३२ मध्ये बसतंय. पण गिझरच्या लाइनवर एसी अजिबात घेऊ देऊ नका. २००० आणि १७०० मिळून १६ अँपिअर त्या एकाच वायरवर, शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना अजून खेचतो. मग एमसीबी पडायला लागला की हेच लोक २५ चा टाकून देतात आणि आतली वायर तापत राहते. एसीला डीबीतून वेगळी लाइन, ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, २० अँपिअरचा सी कर्व्ह (सुरू होतानाचा क्षणभराचा जादा करंट सहन करणारा) एमसीबी. वायर पट्टीत घालून भिंतीवरून नेली तर भिंतही फोडावी लागत नाही. प्लेट पिवळी म्हणजे आत स्क्रू ढिला असणार, मेन बंद करून आधी तो बघायला लावा, तोवर गिझर वापरू नका.

आणि अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही याच कामात बसवा. मीटरपासून डीबीपर्यंत केबल किती जाडीची आहे? तीच बारीक असेल तर ३२ चा मेन असून उपयोग नाही. मंजूर भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे करा, २ मध्ये हे बसणार नाही.

धागाकर्ती:
खूप आभार दादा! गिझर आजच बंद ठेवायला सांगते. केबलवर काय छापलंय त्याचा फोटो बाबांकडून मागवून इथेच टाकते.