सुट्टीच्या दिवशी शिंका थांबतात: अमॉक्सिसिलिन पावडरच्या कामाबद्दल विचारायचं आहे

नवा_डिस्पेन्सिंग

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी एका बल्क ड्रग प्लांटमध्ये डिस्पेन्सिंगला लागलो. अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेटचे २५ किलोचे ड्रम उघडायचे, स्कूपने पावडर काढून पिशव्यांत वजन करायची, लेबल लावायचं, हे रोजचं काम.

पहिले दोन महिने काहीच त्रास नव्हता. आता शिफ्ट सुरू होऊन तास झाला की शिंका येतात, डोळे खाजतात, नाक गळतं. गेल्या पंधरा दिवसांत तर रात्री दोनच्या सुमारास खोकल्याने जाग येते आणि श्वास सोडताना छातीत शीळ वाजते. सुट्टीच्या दिवशी सगळं आपोआप बरं होतं, म्हणून फार मनावर घेतलं नव्हतं. सोबतचा माणूस म्हणतो, "औषधच आहे, लोक ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल गिळतात, तुला चिमूटभराने काय होणार?" ॲलर्जीची गोळी घेऊन कामावर जातो, दिवस निघतो.

काल एसडीएस (पावडरच्या धोक्यांची माहिती देणारं सेफ्टी डेटा शीट) मागून घेतलं. दुसऱ्या भागात एच ३१७ आणि एच ३३४ असे कोड आहेत. मला सर्जिकल मास्क आणि ग्लोव्हजची एक जोडी मिळते. पावडर उडताना फारशी दिसतही नाही. हे कितपत गंभीर आहे?

अजून एक. कधीकधी इंटरमीडिएटच्या (अर्धवट तयार मालाच्या) पिशव्या ॲसिटोन हे सॉल्व्हंट भरलेल्या रिॲक्टरमध्ये मॅनहोलमधून (वरच्या तोंडातून) रिकाम्या करायला मदत करतो. पिशवी झटकली की हाताला बारीक शॉक बसतो. त्यातही काही आहे का?

वजनखोलीतली_ताई

"सुट्टीत बरं वाटतं म्हणून मनावर घेतलं नाही" हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मी अगदी हेच म्हणायचे.

मी १९ वर्षं पावडरीत आहे, त्यातली पहिली सहा पेनिसिलिन गटातल्या औषधांवर गेली, तुझं अमॉक्सिसिलिनही त्यातलंच. मलाही सुरुवातीला काही नव्हतं. मग आठवड्याची सुरुवात बरी जायची, चौथ्या दिवशी जिना चढताना धाप लागायची, सुट्टी आली की मोकळं. वर्षभर गोळ्या खाऊन रेटलं. एकदा शेजारच्या बूथमध्ये लायनर (ड्रमच्या आतली प्लास्टिकची पिशवी) फाटला, मी आवरायला धावले. दोन-तीन मिनिटंच होते आत. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला. दवाखान्यात नेऊन ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं म्हणून आज हे लिहिते आहे. त्यानंतर त्या विभागात पाऊल ठेवलेलं नाही. सहकाऱ्यांच्या गणवेशांचं कपाट उघडलं तरी नाक वाहायचं.

कॅप्सूलचा मुद्दा मलाही ऐकवला होता. गिळलेलं औषध पोटातून जातं, काही दिवसांचा कोर्स असतो, डॉक्टरांचं लक्ष असतं. तू तेच रोज आठ तास नाकाने आणि छातीने घेतोस. एच ३३४ चा अर्थच असा की श्वासावाटे गेल्यास ॲलर्जी, दमा किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. एच ३१७ त्वचेच्या ॲलर्जीसाठी आहे. शरीराने एकदा या औषधाशी वैर धरलं की पुढे "थोडंसंच होतं" हा हिशेब चालत नाही, कणभरही पुरतो. आधी काही नव्हतं आणि मग सुरू झालं, दिवसा काम आणि रात्री खोकला, सुट्टीत आराम, हे सगळं त्याच दिशेला बोट दाखवतं. गोळीने शिंका दबतात. छातीत जे चाललंय ते चालूच राहतं.

पावडर दिसत नाही म्हणतोस. साध्या उजेडात ५० मायक्रॉनच्या आसपासचा कण जेमतेम दिसतो. १० मायक्रॉनच्या खालचे छातीत उतरतात, चार-पाचच्या खालचे थेट वायुकोशांपर्यंत जातात, आणि तेच हवेत सगळ्यात जास्त वेळ तरंगतात. खोलीतले दिवे मालवून बाजूने एक जोरदार टॉर्च मारायला सांग आणि प्रकाशाच्या झोतात बघ.

खाली लिहिते ते इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. तुझ्यासाठी एकच: डॉक्टरांनी तपासेपर्यंत त्या खोलीत जाऊ नकोस. भारी मास्क लावूनही नाही.

सगळ्यात जास्त पावडर कधी उडते? बहुतेकांना वाटतं ओतताना. मी इतकी वर्षं बघते आहे, रिकामा लायनर दाबून घडी घालताना जो फुस्कारा येतो तो सर्वांत वाईट, आणि नेमका तेव्हाच माणूस काम संपलं म्हणून मास्क सैल करतो. लायनरचं तोंड पिळून बांधा, मग सावकाश, तोंडापासून दूर ठेवून खाली बसवा. पिशवी भरताना आतली हवा वर येते आणि सोबत बारीक पावडर आणते, म्हणून स्कूप पिशवीच्या तळाशी नेऊन रिता करा, वरून सोडू नका. डाउनफ्लो बूथमध्ये हवा छतातून खाली येते आणि मागच्या जाळीतून खेचली जाते. त्या जाळीला ड्रम टेकवून ठेवला की प्रवाह बिघडतो, आणि ड्रममध्ये वाकलात तर तुमचं डोकंच धुळीच्या वाटेत येतं. ड्रम तिरका करायचा स्टँड मागा, मिळेपर्यंत मागत राहा.

सांडलेली पावडर कोरड्या झाडूने किंवा हवेच्या नळीने कधीच काढू नका. हेपा व्हॅक्यूम (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा) किंवा ओलं फडकं. बाहेर पडताना वरचे ग्लोव्हज आणि गाऊन आधी, मास्क सगळ्यात शेवटी. सर्जिकल मास्क गालाशी बसतच नाही, हवा बाजूने आत येते. एन ९५ सुद्धा फिट टेस्ट (मास्क चेहऱ्याशी घट्ट बसतो का ते तपासणं) झाल्याशिवाय आणि दाढी असेल तर भरवशाचा नाही. रोज अशा पावडरीत असणाऱ्याला बॅटरीवर चालणारा, गाळलेली हवा देणारा हूड हवा. तोही बूथ नीट चालत असेल तरच, बूथच्या बदल्यात नाही.

स्टॅटिक_सेफ्टी

मी प्रोसेस सेफ्टीत आहे. तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आजच हवं: ते चार्जिंग थांबवा.

ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ पेटू शकते तो) उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, त्यामुळे उघड्या मॅनहोलशी पेटू शकणारी वाफ असतेच. प्लास्टिक लायनरमधून पावडर घसरली की लायनरवर, पावडरवर आणि तुमच्या अंगावरही स्टॅटिक साठतं. हाताला बसलेला शॉक म्हणजे ठिणगीच. आपल्याला जेमतेम जाणवणारी ठिणगी साधारण एक मिलिज्यूलची असते आणि सॉल्व्हंटची वाफ पेटायला तेवढीही ऊर्जा पुष्कळ होते. तुम्ही ती रिॲक्टरच्या तोंडावर पाडताय.

"नायट्रोजन चालू असतो" असं सांगतील. मॅनहोल उघडं असताना प्रत्येक पिशवीबरोबर हवा आत जाते, मग नायट्रोजनचं आवरण टिकत नाही. शिवाय त्याच मॅनहोलमधून वाकून बघितलं तर नायट्रोजनमुळे ऑक्सिजन कमी झालेला असतो, दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते आणि आधी काही जाणवतही नाही. नीट पद्धत म्हणजे आधी पावडर भरायची, झाकण लावून नायट्रोजनने हवा काढायची, मग सॉल्व्हंट सोडायचं. प्रक्रियेत ते जमत नसेल तर बंद यंत्रणेतून पावडर द्यायची. अर्थिंगची क्लिप लोखंडी ड्रमला उपयोगी, साध्या प्लास्टिकला लावून काही होत नाही, त्यासाठी लायनरच अँटिस्टॅटिक लागतो. एक गोष्ट नेहमी राहून जाते: अँटिस्टॅटिक बूट घालून त्यावर साधं प्लास्टिकचं शू कव्हर चढवलं की बुटांचा उपयोग संपला.

आणि सॉल्व्हंट नसलं तरी बारीक सेंद्रिय पावडरचा ढग स्वतः स्फोट करू शकतो. २९ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टन इथे वेस्ट फार्मास्युटिकलच्या रबराचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ६ माणसं गेली. खाली साफसफाई व्हायची. पॉलिइथिलीनची बारीक धूळ फॉल्स सीलिंगच्या वर साठत गेली होती. तुमच्याकडे सीलिंगच्या वर शेवटचं कोणी कधी पाहिलं, एवढं विचारून बघा.

श्वास_ओपीडी

छातीविकाराची डॉक्टर आहे. न तपासता निदान करणार नाही, पण हा इतिहास कामामुळे होणाऱ्या दम्यासारखा आहे आणि तपासणी लांबवू नये. जाताना एसडीएस सोबत न्या, नाहीतर साध्या सर्दीची गोळी घेऊन परत याल. पीक फ्लो मीटरवर (श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारं छोटं उपकरण) दिवसातून किमान ४ वेळा फुंकून नोंदी ठेवायला सांगतील. निदानासाठी कामाच्या आणि सुट्टीच्या, दोन्ही दिवसांच्या नोंदी लागतात, पण कामावर जायचं की नाही ते तुमच्या छातीची अवस्था बघून तेच ठरवतील. त्रासाच्या मुळापासून लवकर दूर झालेल्यांची फुप्फुसं जास्त चांगली सावरतात.

ओठ-जीभ सुजणं, गांधींबरोबर धाप, चक्कर, यातलं काही झालं तर थेट आपत्कालीन विभाग. आणि इथून पुढे कुठल्याही दुखण्यासाठी कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी अमॉक्सिसिलिनच्या धुळीने त्रास झाला होता हे आधी सांगा.

नवा_डिस्पेन्सिंग

ताई, मी बाहेर थांबलो, मित्राने आत टॉर्च मारला, मी दाराच्या काचेतून पाहिलं. लायनरची घडी घातल्यावर झोतात जे दिसलं ते तो बूथबाहेर येऊन गाऊन काढेपर्यंत त्याच्या तोंडाभोवतीच होतं. त्याने स्वतःहून सुपरवायझरना बोलावलं. मी लेखी अर्ज दिला आहे, सध्या कागदपत्रांच्या कामावर बसवलंय. मॅनहोलमधलं चार्जिंग सेफ्टीवाल्यांनी थांबवलं. उद्या छातीच्या डॉक्टरांकडे जातोय.

एक राहिलं. गणवेश मी घरी धुतो. दोन जोड्या घरीच आहेत.

वजनखोलीतली_ताई

त्या झटकू नकोस आणि घरच्या कपड्यांत टाकू नकोस. तू हातही लावू नकोस. दुसऱ्या कोणाला तरी, पेनिसिलिनची ॲलर्जी नसलेल्याला, ग्लोव्हज आणि मास्क घालून जाड पिशवीत बंद करायला सांग आणि प्लांटच्या लाँड्रीत पाठव. लाँड्री नसेल तर तीही लेखी माग. १९७० च्या दशकात गर्भनिरोधक गोळ्यांच्या कारखान्यातल्या पुरुष कामगारांची छाती इस्ट्रोजेनच्या धुळीने वाढल्याच्या नोंदी आहेत. पावडर माणसाला अशी चिकटते. गणवेश जिथे ठेवले होते ते कपाट आणि मशीनची जाळीही त्यांनाच ओल्या फडक्याने पुसायला सांग, तोवर तू दुसऱ्या खोलीत थांब. उद्या डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिही, मी वाट बघते आहे.